पंचफुलाबाईंचं चंक्रमण

"तुह्या सासूचे पाय जमीन सोडून नाही रायले, पोरी. ध्यान ठेव."

शेवंताबाई हे बोलल्या तेव्हा माझी मुलगी मेत्ता सात महिन्यांची होती. शेवंताबाई तिला तेल लावून अंघोळ घालायला यायच्या. पसरलेल्या पायांवर पोरीला पालथं घेऊन, पाठीवरून हात फिरवता फिरवता, मान वर न करता त्यांनी हे सांगितलं. मी त्या वेळी बादलीत बुडवलेल्या तापमापीचा आकडा मोबाईलवर बघत होते. सदतीस पूर्णांक चार. तो बरोबर आहे की नाही, याच्या काळजीत मी "बरं" म्हणाले आणि विसरून गेले.

मी घाबरट आहे, यावर आमच्या घरात दुमत नाही. मेत्ताच्या मनगटाला श्वास मोजणारा पट्टा होता, आणि तो पट्टा नीट मोजतो की नाही हे बघायला मी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. तिचं वजन, टाळू, झोप, शीचा रंग, सगळ्याची नोंद असायची. नवरा प्रबोध म्हणायचा, "क्षेमा, हिला मोठं होऊ दे, मग ही तुझ्यावर प्रबंध लिहील." अशी मी. सगळ्याचं भय बाळगणाऱ्या बाईकडून ज्याचं भय बाळगायचं तेच राहून गेलं.

शेवंताबाईंचं न ऐकण्याला कारणं होती. त्याच आठवड्यात त्यांनी, पोरीचं वजन मोठ्यानं बोलू नको, उतरते, असंही सांगितलं होतं. मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. बाळंतपणाआधी दोन वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल्स घेतलेली. वजन बोलल्यानं उतरत नाही हे मला माहीत होतं, मग पायांचं तरी कशाला ऐकू? आणि दुसरं कारण मोठं होतं. ज्या पायांबद्दल शेवंताबाई बोलत होत्या, त्या पायांचं तेव्हा सगळी अमरावती कौतुक करत होती.

ते कसं, हे सांगायला माझ्या नणंदेपासून सुरुवात करावी लागेल.

निरंजना तायडे, आमची निरू, व्हिडिओ आर्ट करते. व्हिडिओ आर्ट म्हणजे काय, हे घरात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लावून घेतलं होतं. प्रबोध म्हणायचा, "पिक्चरच, फक्त त्यात गोष्ट नसते." आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "भिंतीवरचं ध्यान हाय थे."

निरू लुंबिनीपासून कुशीनगरपर्यंत आठ महिने पायी हिंडली होती. कॅमेरा कमरेला बांधलेला, तोंड खाली. बोधगया, राजगीर, श्रावस्ती, सारनाथ, सगळीकडे गेली आणि कुठल्याही स्तूपाचं चित्र न घेता परत आली. नुसती वाट. धूळ, दवात भिजलेलं गवत, वीटभट्टीचा चिखल, शेताचा बांध, चपला हातात घेऊन चाललेल्या बाया. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, यात्रेला गेलेलं माणूस दिवसभर बघतं काय? पुढच्याच्या टाचा. मी तेच घेऊन आले."

ही वाट दाखवायला तिनं एक सतरंजी केली. दिसायला आपल्या विहारात असते तशीच, निळ्या-लाल पट्ट्यांची, तीस फूट लांब. पण तिच्या विणीत एक वेगळा दोरा होता. दाब पडला की त्या दोऱ्यातून जाणारी वीज बदलते. बोटभर अंतरावर असे दोरे एकमेकांना छेद देत होते आणि प्रत्येक छेदावर किती भार पडला, हे सेकंदाला साठ वेळा टिपलं जात होतं. सतरंजीच्या दोन्ही अंगांना कापडी पडदे. तुम्ही चाललात की पडद्यावरची वाट चालते, थांबलात की थांबते.

एवढ्यावर निरू थांबली नाही. आमच्यात चंक्रमण असतं. एका ठरलेल्या पट्ट्यावर संथ जायचं आणि यायचं, लक्ष फक्त पावलात. बसून ध्यान जमत नाही त्यानं चालत करावं, असं भन्तेजी सांगतात. निरूनं वर्षानुवर्षं चंक्रमण केलेले दोनशे भिक्खू आणि उपासिका त्या सतरंजीवर चालवले आणि संगणकाला शिकवलं, की सजग पाऊल असं असतं. आपलं तुमचं पाऊल आदळतं. डोक्यात गॅस बंद केला का, हे असतं आणि पाय कुठंही पडतो. सजग पाऊल हळू पडतं, सारखं पडतं, भार एका पायावरून दुसऱ्यावर भांड्यातून पाणी ओतावं तसा जातो. असं पाऊल पडलं की पडद्यावरची वाट स्वच्छ व्हायची. नाही पडलं, की धुकं.

आषाढी पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात सतरंजी पहिल्यांदा अंथरली. मी चालले. दुधासारखं धुकं आणि त्यात एका बकरीची शेपटी. प्रबोधला शेपटीही दिसली नाही. महिला मंडळाच्या अध्यक्ष कमलताईंना अर्धी वीट दिसली आणि त्या ती वीट बोधगयेची असल्याचं सगळ्यांना सांगत राहिल्या.

मग आई उठल्या.

पंचफुलाबाई तायडे. एकतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, रडणाऱ्यांना काखेला मारून घरोघर पोचवलं. लुंबिनीला जायचं त्यांच्या मनात माझ्या लग्नाआधीपासून होतं आणि दरवर्षी कोणाची ना कोणाची डिलिव्हरी आडवी येत होती. त्यांनी पांढऱ्या पातळाचा पदर खोचला, हात जोडले आणि निघाल्या. दहाव्या पावलाला धुकं विरळ झालं. मध्यावर गेल्या तेव्हा गवताच्या पात्यावरचा थेंब दिसत होता. टोकाला पोचल्या तेव्हा त्या थेंबाशेजारून तांदळाचा कण घेऊन चाललेली मुंगी दिसत होती, आणि मुंगीची सावलीही.

विहारात चाळीस बाया होत्या. कोणी कोणाच्या कानात बोललं नाही. आमच्या मंडळात हे होत नाही.

तेव्हापासून लोक आईंना बघायला यायला लागले. "पंचफुलाबाईचं चंक्रमण हाय का आज?" असं फाटकातून विचारायचे. निरूची सतरंजी अकोल्याला, वाशीमला, पुसदला गेली. सगळीकडे आधी आईंच्या चालण्याचं चित्रण दाखवायचे आणि मग लोकांना चालायला सोडायचे. वैशाख पौर्णिमेला नागपूरच्या एका मोठ्या कलादालनात शंभर फुटी सतरंजी अंथरायची होती आणि उद्घाटनाला आई स्वतः चालणार होत्या. तिथूनच पुढं मंडळाच्या बायांबरोबर लुंबिनीला. या वेळी कोणाची डिलिव्हरी नव्हती. मी आधी तपासून घेतलं होतं.

घरात मात्र बारीकसारीक घडत होतं. आई चहात पत्ती टाकायला विसरायच्या आणि ते साखरपाणी आम्ही पीत बसायचो. कमलताई म्हणाल्या, "मन रिकामं होते बाई ध्यानानं." वंदनेच्या मध्ये आई दोनदा उठून बाथरूमला जायच्या. कमलताई म्हणाल्या, "देह हलका होते." कमलताईंकडे प्रत्येक गोष्टीची पायरी होती. मंडळातल्या निम्म्या बाया एव्हाना आईंसारख्या पाय घासत चालायला लागल्या होत्या. भाजीबाजारात त्यांच्यामागं रांग लागायची.

नागपूरला तीन आठवडे होते. दुपारी विहारात तालीम चालली होती. मेत्ता तेरा महिन्यांची झाली होती आणि नऊ दिवसांपासून चालत होती. मी अर्थातच पावलं मोजत होते. आदल्या दिवशीची सर्वांत लांब फेरी सतरा. आई सतरंजीवर निघाल्या तशी ती माझ्या हातून सुटली आणि आजीच्या मागं गेली.

दोघी सारख्या दिसत होत्या. पाय फाकलेले, हात अंगापासून थोडे दूर, पावलं एवढुशी. सगळ्या हसल्या. "नात आजीवर गेली," कोणी तरी म्हणालं. मीही हसले.

टोकाला जाऊन दोघी वळल्या. मेत्ता तीन पावलांत वळली आणि धपकन बसली. आई अजून वळतच होत्या. मोजायची मला सवयच लागलेली. चार, पाच, सहा. घरात जड कपाट हलवताना आपण एक कोपरा सरकवतो, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, तशा त्या जागच्या जागी सरकत होत्या. अकरा. अकरा पावलांत त्यांचं तोंड आमच्याकडं झालं. चेहऱ्यावर हसू होतं आणि कपाळावर घाम.

शेवंताबाईंचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं. सहा महिन्यांनी.

बाया गेल्यावर मी निरूला गाठलं. ती वायर गुंडाळत होती.

"निरू, आईंना वळायला अकरा पावलं लागली."

"हो ना. काय वळते आई. तो तुकडा मी नागपूरला मोठ्या पडद्यावर लावतेय."

"मेत्ताला तीन लागली."

"मेत्ता ध्यान करत नाही, वहिनी."

"आईही करत नसतील तर?"

तिनं वायर खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात मेत्ताच्या टाळूची काळजी होती. त्याआधी शीच्या रंगाची. आता आईचा नंबर लागला का?"

हे खरं होतं, म्हणून लागलं.

"आयुष्यात पहिल्यांदा आईकडं कोणी थांबून बघतंय," ती म्हणाली. "तुला ते बघवत नाही, असं मी म्हणणार नाही. पण मंडळ म्हणेल."

"म्हणू दे. मला फक्त एक सांग. तुझी सतरंजी खालून बघते. पाय हवेत किती गेला हे तिला दिसतच नाही, बरोबर? दाब गेला म्हणजे पाय उचलला, एवढंच तिला कळतं."

"हो."

"आणि दाब पूर्ण गेला नाही, थोडासा राहिला, तर?"

"हलका दाब मी कापून टाकते. पौर्णिमेला सगळ्या पांढरी पातळं नेसून येतात, काठ जमिनीवर लोळतात. पहिल्या दिवशी संगणकाला प्रत्येक बाईला चार पाय दिसत होते. म्हणून ठरवलं, हलकं काही लागलं तर तो काठ समजायचा आणि शून्य धरायचं."

"तो काप काढून आईंची आजची फेरी दाखव."

ती लॅपटॉपपाशी बसली. मी मेत्ताला कडेवर घेऊन मागं उभी राहिले. पडद्यावर आधी मेत्ताची पावलं उमटली. वेडीवाकडी, एकमेकांपासून लांब, पण सुटी सुटी, पाण्यातून उठून आलेल्या पाखरासारखी. मग आईंची. पावलं नव्हतीच. दोन रेघा होत्या. सतरंजीवरून कोणी दोन दोऱ्या ओढत नेल्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न तुटलेल्या.

निरूनं एका रेघेवरून बोट शेवटपर्यंत नेलं. "आठ महिने मी लोकांच्या टाचा बघत हिंडले," ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून उठली.

भन्तेजी विहाराच्या मागच्या खोलीत राहतात. आम्ही लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "चंक्रमणात तीन गोष्टी असतात," ते म्हणाले. "पाय उचलणं, पुढं नेणं, ठेवणं. यात पहिलीच नाही." मग लॅपटॉप आमच्याकडं सरकवत म्हणाले, "तुम्ही यंत्राला विचारलं. मला विचारलं. पंचफुलाबाईंना विचारलं का?"

नव्हतं विचारलं. आम्ही दोघी शिकलेल्या.

घरी आई मेथी निवडत होत्या. मेत्ता त्यांच्या पुढ्यात बसून देठ चावायला लागली. एरवी मी ते धुतलेत का, हे आधी विचारलं असतं.

"आई, चालताना तुमचं लक्ष कुठं असतं?"

"पायात. आनखी कुठं असंल?"

"आणि काय जाणवतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, निरूकडं पाहिलं, मग जुडी खाली ठेवली. "खरं सांगू? चिकटते. जसा कोनं जमिनीले गोंद लावला. मी मनातल्या मनात म्हनतो, उचल, पंचफुला, उचल. नाही उचलत. मंग सरकवतो. सारं ध्यान त्याच्यातच जाते."

म्हणजे ध्यान होतंच. यंत्र अगदीच खोटं बोललं नव्हतं.

"कवापासून?" निरूनं विचारलं. ती पुण्यात शिकली, मोठ्या सभांमधून इंग्रजीत बोलली, पण त्या क्षणी तिच्या तोंडून घरचंच आलं.

"हे पोट्टी झाली त्याच्या आंधीपासून."

"मग बोलली काऊन नाही?"

"कोनाले बोलू? तुम्ही साऱ्या हात जोडून उभ्या. एकतीस वर्ष मी त्या अंगनवाडीत इकडून तिकडं पयली. कोनी म्हनलं नाही, पंचफुला, चालतं तं कशी चालतं तू. अन् आता मी चालाले लागली का बाया बोलाच्या थांबतेत." त्या मेथीच्या पानांवरून हात फिरवत राहिल्या. "मले वाटलं, असंनही असंल. ध्यानात असंच होत असंल. मले काय माईत, मी कधी पयले केलं होतं का?"

मेत्तानं चावलेला देठ आजीच्या हातात दिला.

"म्हनजे मी काही पोचलेली बाई नोहे," आई म्हणाल्या.

"नाही, आई."

"बरं झालं. थे कमल रोज विचारे, पुढची पायरी कोनती, पुढची पायरी कोनती. मी कोनती सांगू?"

आणि त्या हसायला लागल्या. निरू रडत होती आणि आई तिच्या पाठीवर मेथीचा हात थोपटत हसत होत्या.

न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टर मोहोड बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आईंना चालवलं, वळवलं, मेंदूचं चित्र काढलं आणि आम्हाला बसवून समजावलं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांत पाणी असतं. रोज अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. काही म्हाताऱ्या माणसांत शोषणं मंदावतं. पोकळ्या फुगतात आणि शेजारून जाणाऱ्या तारांना ताण बसतो. त्या तारा पायांकडं जाणाऱ्या, लघवी धरून ठेवणाऱ्या, आणि काही आठवणींच्या. म्हणून पाय चिकटतात, सारखं बाथरूमला जावं लागतं आणि चहात पत्ती पडत नाही.

"घरोघरी याला वय झालं म्हणतात आणि सोडून देतात," त्या म्हणाल्या. "वयही असतं, पण दर वेळी तेच नसतं. आधी पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून बघू. चाल सुधारली, तर डोक्यातून पोटात जाणारी एक बारीक नळी कातडीखालून घालता येईल. सगळ्यांना उपयोग होत नाही. बघावं लागतं."

आईंनी विचारलं, "पानी काढलं तं त्याच्यासंगं काही ध्यानातलं तं नाही ना वाहून जाईन?"

"झालंच तर चहातली पत्ती परत येईल," डॉक्टर म्हणाल्या.

पाणी काढायच्या दिवशी निरू सतरंजीची दहा फुटी पट्टी घेऊन आली. डॉक्टरांनाच ती हवी होती. आकडे मिळतील म्हणाल्या. सकाळी आई वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात चालल्या. निरूच्या लॅपटॉपवर लुंबिनीची वाट आरशासारखी. गवत, थेंब, मुंगी. दोन नर्स हातातलं काम सोडून बघत राहिल्या.

दुपारी दोनला पुन्हा उठवलं. मी आईंच्या डाव्या बाजूला, प्रबोध उजव्या. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं आणि त्यांची टाच मला दिसली. टाचेच्या खालची फरशी दिसली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या पायाखालून उजेड गेला. दुसरं पाऊल, तिसरं. पट्टी संपली तरी त्या थांबल्या नाहीत, व्हरांड्याच्या टोकाला गेल्या, चार पावलांत वळल्या आणि प्रबोधला म्हणाल्या, "हात सोड नं बाप्पा, मी काय चोर हावो का?"

मग सगळ्यांना लॅपटॉपची आठवण झाली. पडद्यावर धुकं होतं. पांढरं, दाट, माझ्या बकरीच्या शेपटीइतकंही त्यात काही नव्हतं.

निरूनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. आईंनी तो धरला. वाकून त्या धुक्याकडं पाहत राहिल्या. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटेल. बाया बोलायच्या थांबणार नाहीत, फाटकातून कोणी विचारणार नाही.

"ऑपरेशन केलं तं असंच दिसंल?"

"असंच," निरू म्हणाली.

"अन् नाही केलं तं साफ?"

"हो आई. पण डोक्याचं ऑपरेशन आहे," प्रबोध मध्येच म्हणाला. इतके दिवस घरात घाबरण्याचं काम एकट्या माझ्याकडं होतं, म्हणून आम्हाला कळलंच नव्हतं की तोही घाबरतो. "रक्त साकळू शकतं, नळी बंद पडू शकते. विचार करून सांग."

आईंनी विचार केला. खुर्चीत बसून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, एकदा डावी टाच उचलून, एकदा उजवी.

"त्या साफ वाटंवर मी कुठंच गेली नाही रे," त्या म्हणाल्या. "वाट हाले, मी तठीच. या धुक्यात मी त्या टोकाले जाऊन आली. हेच बरं हाय. करून टाका."

ऑपरेशन दोन तास चाललं. त्या दोन तासांत मी काय काय केलं ते लिहीत नाही. मेत्ताच्या मनगटाचा पट्टा मी काढून टाकला एवढंच सांगते. एका वेळी एकाच श्वासाची काळजी करणं मला जमत होतं.

वैशाख पौर्णिमेला नागपूरचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा आई घरी होत्या. डोक्याला पट्टी, कानामागून गळ्याकडं उतरलेला नळीचा बारीक उंचवटा. फोनवरून निरू दाखवत होती. शंभर फुटी सतरंजी, आणि मोठ्या पडद्यावर आईंच्या व्हरांड्यातल्या दोन्ही फेऱ्या शेजारी शेजारी. डावीकडं स्वच्छ वाट आणि तिच्याखाली दोन न तुटणाऱ्या रेघा. उजवीकडं धुकं आणि त्याखाली सुटी सुटी पावलं. लोक आधी डावीकडं जमायचे आणि हळूहळू उजवीकडं सरकायचे, असं निरू सांगत होती. कमलताईंना आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी अकरा पावलांत वळण्याचा दोन महिने सराव केला होता. तीन पावलांवर यायला त्यांना आणखी महिना लागला.

कार्तिक महिन्यात आई लुंबिनीला जाऊन आल्या. मंडळातली एकही बाई त्यांच्या पुढं गेली नाही, अशी तक्रार कमलताईंनी माझ्याकडं केली. चहा आता चांगला असतो. थोडा कडक असतो, पण आम्ही बोलत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

नागपूरहून आल्यावर निरूनं अकोला, वाशीम आणि पुसदच्या सगळ्या फेऱ्या तो काठाचा काप काढून पुन्हा तपासल्या. नऊ हजारांच्या वर माणसं चालली होती. नाव कोणाचंच नाही. यात्रेत कोणी कोणाला नाव विचारून पुढं सोडत नाही, म्हणून इथंही विचारायचं नाही, हा तिचा नियम होता आणि तो चांगलाच होता. त्या नऊ हजारांत न तुटलेल्या रेघा सत्तावीस निघाल्या. दिवस आणि वेळ सांगून, तिथल्या मंडळांना फोन करून करून आम्ही सव्वीस जणांपर्यंत पोचलो. कोणाचे गुडघे धरलेले होते, एक जण मुद्दाम घसरत गेला होता, पाच जणांना कंपवाताचं औषध सुरू झालं. तिघांना आईंसारखंच निघालं. त्यांतल्या एका आजोबांचं ऑपरेशन झालं आणि ते परवा सायकलवर बसले म्हणून घरच्यांनी मलाच रागावून फोन केला.

एक राहिलं आहे.

पुसद. माघ पौर्णिमा. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. वजन सत्तेचाळीस किलोच्या आसपास, म्हणजे अंगानं लहानसं माणूस. बाई की पुरुष, सांगता येत नाही. डावी रेघ उजवीपेक्षा जाड आहे. टोकाला पोचायला चार मिनिटं लागली, वळायला चौदा पावलं.

ते एकटं आलं नव्हतं. सतरंजीच्या सुरुवातीच्या कडेला आणखी दोन पाय आहेत, ते आत गेलेच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथंच उभे. भार सारखा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, कोणाची वाट बघत उभं राहताना आपला होतो तसा. आणि शेवटी ते लहानसं माणूस परत आल्यावर दोघांची पावलं अगदी शेजारी शेजारी, एकानं दुसऱ्याला धरल्यासारखी.

ते कडेला उभे असलेले तुम्ही असाल. त्या दिवशी पडद्यावरचं धुकं निवळलं असेल, मुंगी दिसली असेल, आजूबाजूच्यांनी हात जोडले असतील आणि तुम्हाला अभिमान वाटला असेल. मलाही वाटला होता, त्यात चूक काही नाही. पण हे वाचून झालं की त्यांच्याकडं जा. फोन करू नका, जा. त्यांना उठून दारापर्यंत चालायला सांगा आणि तिथून वळायला सांगा. मग विचारा, पाय जमिनीला चिकटतो का. ते लगेच हो म्हणणार नाहीत. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.